वरची खुर्ची आणि वयाचा हिशेब

आमच्या नरसी नामदेवला पोलीस म्हटले की लोकांना जमादार आठवतो, फौजदार आठवतो, फार तर हिंगोलीचा एस. पी. त्याच्याही वर कोण बसतो आणि त्याला कोण बसवतो, हा प्रश्न आमच्या वस्तीत निघत नाही. भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरेही तो काढत नाहीत. मला तो आपला प्रश्न वाटतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने करू नये, असे १९९५ चे नियम सांगतात. म्हणजे फिर्याद ठाण्यात लिहिली गेली तरी तिचे भवितव्य वरच्या हुद्द्यावर ठरते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. बंदूक केव्हा उचलायची याची शिस्त वरूनच खाली येत असते.

पोलीस दलाचा प्रमुख म्हणजे महासंचालक. त्याची नेमणूक पूर्वी सर्वस्वी राज्य सरकारच्या मर्जीची बाब होती. निवृत्त महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी ती मर्जी आवळली. ज्येष्ठतम अधिकाऱ्यांतून संघ लोकसेवा आयोगाने तीन नावे काढावीत, सरकारने त्यांतले एक निवडावे आणि निवडलेल्याला किमान दोन वर्षे हलवू नये, असा तो आदेश. पुढे २०१८ मध्ये 'प्रभारी' नेमणुकांना मनाई झाली. तरी २०२१ मध्ये महाराष्ट्राचा कारभार प्रभारी महासंचालक संजय पांडे यांच्याकडे राहिला. आयोगाने सुचवलेल्या तिघांत त्यांचे नाव नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२ मध्ये रजनीश सेठ यांची नियमित नेमणूक झाली. रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये या पदावरच्या राज्यातल्या पहिल्या महिला ठरल्या.

मंत्र्याच्या मर्जीला वेसण बसली याचे मी स्वागतच करतो. पण ज्येष्ठता ही दिसते तितकी निरागस गोष्ट नाही.

हिशेब सरळ आहे. भारतीय पोलीस सेवेत निवृत्ती साठाव्या वर्षी. महासंचालक दर्जासाठी सेवा लागते तीस वर्षांची, आणि यादीत येताना किमान सहा महिने शिल्लक असावे लागतात. म्हणजे साडेएकोणतिसाव्या वर्षाच्या आत जो सेवेत शिरला, त्यालाच त्या खुर्चीपर्यंतची वाट मोकळी. आज खुल्या वर्गाला परीक्षेसाठी वयाची मर्यादा बत्तीस आहे, अनुसूचित जातींना सदतीस. ही पाच वर्षांची सवलत घेऊन जो आत आला, त्याची सेवा अठ्ठावीस वर्षेही भरणार नाही. सदतिसाव्या वर्षी आलेल्याच्या पदरी उणीपुरी तेवीस वर्षे. अठरा वर्षांना महानिरीक्षक होता येते, अपर महासंचालकाला पंचवीस लागतात. तो महानिरीक्षकावरच थांबला! उशिरा आलेल्या सवर्णालाही हा नियम लागू आहे, हे खरे. पण उशिरा येणे कुणाच्या वाट्याला अधिक येते? भरतीच्या दारात राखीव जागा आहेत. महासंचालकपदाला आरक्षण नाही. दारात दिलेली सवलत माडीवर चढताना अशी परत वसूल केली जाते, आणि त्यासाठी कुणाला जातीचे नावही घ्यावे लागत नाही.

पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर, बाहेरच, चोखोबाची समाधी. नामदेवाच्या गावात ही रचना कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच की वयाच्या सवलतीने आलेल्या अधिकाऱ्याला तीस वर्षांच्या अटीतही तितकीच सूट मिळावी. सवलत एकदा मान्य केली तर ती निवृत्तीपर्यंत मान्य करा. तोवर पोरांना मी सांगतो की परीक्षा चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी द्या. ती हसतात. मायबाप ऊसतोडीला गेले की यांची शाळा दर हंगामाला मोडलेली असते, आणि कित्येकांची पदवीच पंचविशीत हाती येते.