चढणीवर धापा टाकणारी जुनी गाडी : दोष नेहमी इंजेक्टरचाच असतो का?

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढू लागले की जुन्या गाडीची खरी परीक्षा सुरू होते. सपाट रस्त्यावर निमूट धावणारी गाडी चढणीवर अचानक जड होते. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही वेग वाढत नाही, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावे लागते आणि मागे वाहनांची रांग लागते. ‘गाडी पिकअप घेत नाही’ एवढ्या चार शब्दांत मालक आपली तक्रार गॅरेजमध्ये मांडतो. अनेकदा उत्तरही तिथल्या तिथे मिळते : ‘इंजेक्टर गेले असतील.’

हे उत्तर कधी कधी बरोबर असते. पण ते सर्वांत महागडे उत्तर आहे. डिझेल फिल्टर काही शे रुपयांत बदलता येतो, तर चार इंजेक्टरांच्या संचाचा खर्च हजारांच्या घरात जातो. दहा-पंधरा वर्षे जुन्या गाडीवर एवढा खर्च करावा की ती भंगारात द्यावी, असा प्रश्न मग घरात उभा राहतो. शिवाय हा प्रश्न पैशांपुरता मर्यादित नाही. घाटात पुढच्या ट्रकला ओलांडताना ऐन वेळी इंजिनाने साथ सोडली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच शक्ती कमी होणे हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे, हे ध्यानात घेऊन तपासाची वाट नीट ठरवणे आवश्यक ठरते.

दोन पिढ्यांची यंत्रणा

जुन्या पिढीच्या डिझेल गाड्यांत यांत्रिक पंप प्रत्येक नोझलला ठरावीक क्षणी डिझेल पुरवीत असे. कॉमन रेल पद्धतीत मात्र उच्चदाब पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि कोणत्या इंजेक्टरने कोणत्या क्षणी किती डिझेल सोडावे हे गाडीतील संगणक ठरवतो. आपल्याकडे ही पद्धत घरोघरी पोहोचवण्यात मूळच्या फियाटच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचा मोठा वाटा आहे. २००७ पासून स्विफ्टमध्ये आणि पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत ते बसवले गेले. त्यांपैकी कित्येक गाड्या आजही रस्त्यावर आहेत.

या इंजिनाच्या पहिल्या आवृत्तीत रेलमधील कमाल दाब सुमारे १४०० बार असतो, म्हणजे कारच्या चाकातील हवेच्या दाबाच्या जवळजवळ ७०० पट. एवढ्या दाबाने डिझेल केसाएवढ्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. साहजिकच पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण या यंत्रणेला सहन होत नाही. परंतु इंजेक्टर नाजूक आहे, म्हणून प्रत्येक वेळी दोषी तोच, असा निष्कर्ष निघत नाही.

आधी इंजिनाबाहेर पाहावे

पहिली शंका क्लचची घ्यावी. चढणीवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढतो, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नसेल, तर इंजिन शक्ती देत आहे. क्लच घसरत असल्याने ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. दुसरी शंका ब्रेकची. थोडे अंतर चालवून थांबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले जाणवले, तर ब्रेक धरून राहिला असण्याचा संभव आहे. टायरमधील कमी हवाही गाडी जड करते.

उंचीचा हिशेबही विसरू नये. चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. तेथे हवा किनारपट्टीपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी विरळ असते. टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनाची शक्ती जवळपास तेवढीच घटते. भरलेली गाडी आणि चालू एसी यांची त्यात भर पडली की निरोगी गाडीही थोडी मंदावते. गेल्या वर्षी याच घाटात याच भाराने गाडी कशी चढत होती, याच्याशी तुलना केली तरच खरी घट कळते.

शक्ती केव्हा जाते आणि धूर कोणता येतो?

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी मालकाने दोन गोष्टींची नोंद ठेवावी. पहिली, शक्ती नेमकी केव्हा जाते. सावकाश चालवताना गाडी ठीक असते आणि भार पडला की मंदावते, असे असेल तर फिल्टर तुंबणे, टर्बोची हवा गळणे किंवा पंप थकणे यांचा विचार करावा. सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागत असेल, तर डिझेलच्या नळीने हवा धरली असण्याची किंवा इंजेक्टरमधून अधिक डिझेल परत जात असण्याची शक्यता असते. गाडी अचानक ठरावीक आरपीएमच्या पुढे जात नाही आणि चावी बंद करून पुन्हा चालू करताच पूर्ववत होते, तेव्हा संगणकाने इंजिनाच्या रक्षणासाठी स्वतःच शक्ती मर्यादित केलेली असते. यालाच मेकॅनिक ‘लिंप मोड’ म्हणतात.

दुसरी नोंद धुराची. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडत आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. इंजिन तापल्यावरही वाफेसारखा पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घेण्यास विलंब करू नये.

हवेची वाट : सर्वाधिक दुर्लक्षित

इंधनाचा दोष वाटणारी तक्रार पुष्कळदा हवेची असते, आणि निदान बहुधा इथेच चुकते. टर्बोकडून येणारी हवा इंटरकूलरमार्गे इंजिनात जाते. या वाटेवरील रबरी नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, तिला चीर पडते किंवा तिचा क्लॅम्प सैल होतो. सपाटीवर ती चीर जाणवत नाही. चढणीवर दाब वाढला की उघडते आणि हवा बाहेर निघून जाते. अशा वेळी ‘फुस्स’ किंवा शिटीसारखा आवाज येतो आणि नळीच्या सांध्याजवळ तेलाचा ओलावा दिसतो.

संगणकाला हवेची मोजणी कमी मिळाली की काळा धूर टाळण्यासाठी तो डिझेलचे प्रमाणही घटवतो. गाडीला इंधन कमी पडते हे मालकाचे निरीक्षण त्या दृष्टीने खरेच असते. पण त्याचे मूळ फाटलेल्या नळीत असते. हवा मोजणारा सेन्सर मळला, एअर फिल्टर धुळीने भरला किंवा धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा राहिला, तरी परिणाम सारखाच होतो. या सर्व तपासण्या इंजेक्टर न काढता करता येतात. म्हणून क्रमात त्यांचे स्थान आधीचे.

टाकीपासून रेलपर्यंत

यानंतर इंधनाची वाट तपासावी. डिझेल फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते; जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तो शेवटचा केव्हा बदलला हे बहुधा ठाऊक नसते. अशा वेळी तो बदलून टाकणेच शहाणपणाचे. अनेक फिल्टरांच्या तळाशी साचलेले पाणी काढण्याची सोय असते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत दीर्घकाळ अर्धी रिकामी राहिलेल्या टाकीत बाष्प थंड होऊन पाणी जमू शकते. तेव्हा ही सोय नियमित वापरावी. त्यानंतर टाकीतील जाळी, नळ्यांचे सांधे आणि पंप यांची पाळी येते. नळीच्या एका भागी तात्पुरती पारदर्शक नळी जोडल्यास डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे येतात का, हे डोळ्यांना दिसते.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करायचा आणि कोणता सिलिंडर काम करत नाही हे आवाजावरून ओळखायचे, अशी पद्धत रूढ होती. कॉमन रेल गाडीवर हा प्रयोग कधीही करू नये. त्या दाबाने निघालेली डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतील इजा गंभीर असते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. अशी इजा झाल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल नव्हे

‘मशीन लावले, मशीनने इंजेक्टर सांगितले’ हे वाक्य अनेकांनी ऐकले असेल. वास्तविक कोड फक्त कोणती मोजणी अपेक्षेबाहेर गेली एवढेच सांगतो. उदाहरणार्थ, पी ००८७ याचा अर्थ रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी. त्याचे कारण तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, बिघडलेला दाबनियंत्रक, गळका इंजेक्टर किंवा दाब मोजणारा सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. त्यामागे साधी फाटकी नळीही असू शकते.

म्हणून कोड वाचून थांबू नये. स्कॅनर जोडलेला ठेवून गाडी चढणीवर न्यावी आणि संगणकाने मागितलेला रेलचा दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब यांची तुलना करावी. पडदा पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे. रेलचा दाब मागणीबरोबर चढत असेल आणि टर्बोचा दाब मागे पडत असेल, तर शोध हवेच्या वाटेकडे वळवावा. २०१३ पूर्वीच्या काही गाड्यांना बाजारातील साधा स्कॅनर जुळत नाही. त्यांना त्या कंपनीच्या गाड्या वाचणारे उपकरण लागते.

इंजेक्टरची पाळी

इथपर्यंत काही सापडले नाही, तर इंजेक्टरांकडे वळावे. तेथेही पहिली चाचणी ते न काढता होते. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल वेगवेगळ्या, सारख्या आकाराच्या बाटल्यांत जमा करतात. एकाच बाटलीत इतरांपेक्षा बरेच अधिक डिझेल जमले, तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. सर्वांत समान आणि मर्यादेत जमले, तर संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला तपासून पाहावा. इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर खराब झाला तरी चकचक आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर साचतो. या दुरुस्तीचा खर्च नव्या इंजेक्टरच्या तुलनेत किरकोळ असतो.

काढलेले इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासून त्याचा छापील अहवाल मिळू शकतो. अनेक गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरील कोड संगणकात नोंदवावा लागतो. ही पायरी गाळली तर नवा भाग बसवूनही इंजिन खडखडत राहते.

पेट्रोल गाड्यांचे गणित

दिल्ली परिसरासाठी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर युरो मानके लवकर लागू झाली आणि कार्बोरेटरची जागा एमपीएफआय पद्धतीने झपाट्याने घेतली. या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब साधारण तीन बार असतो. तो गेजने मोजणे सोपे असते. गाडी मिसिंग करत असेल, तर इंजेक्टरपूर्वी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि मळलेली थ्रॉटल बॉडी पाहावी. सर्व ठीक असूनही वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरत असेल, तर धुराच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे का हे तपासावे.

२० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्नही येथे येतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज काहीसे घटणे स्वाभाविक आहे. इथेनॉल पाणी शोषते, टाकीतील जुना मळ सोडवून फिल्टरकडे नेते आणि त्यासाठी न बनवलेल्या रबरी नळ्या व सील यांची झीज करू शकते. जुन्या गाडीच्या नळ्या म्हणूनच दरवर्षी पाहाव्यात. पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नये.

गॅरेजमध्ये काय मागावे?

मोठ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी मालकाने तीन गोष्टी मागाव्यात : कोणत्या चाचणीवरून हा भाग दोषी ठरला, त्या चाचणीचे आकडे काय आणि काढलेला जुना भाग परत मिळेल का. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. शेवटी सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ते सर्वत्र समान व पुरेसे असेल तर इंजिनाचा गाभा शाबूत आहे आणि खर्च सार्थकी लागेल. ते बरेच खाली गेले असेल, तर नवे इंजेक्टर गाडीला तारू शकणार नाहीत.

खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर योग्यता तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गाडीविषयीचा निर्णय कॉम्प्रेशन, रेलचा दाब आणि परतीच्या डिझेलची मोजणी हाती घेऊनच करावा. काही शे रुपयांच्या नळीपायी चांगले इंजिन भंगारात जाऊ नये आणि संपलेल्या इंजिनावर घरची बचतही खर्ची पडू नये.