गिअर बदलताना

घाट चढणाऱ्या एस. टी.त आपण सारेच बसलो आहोत. चढ वाढतो, एंजिनाचा आवाज जड होतो आणि ड्रायव्हर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येतो. त्या क्षणात आत काय घडते याचा हिशेब मांडता येतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हिशेबापुरती मोटार म्हणजे एका रांगेतली तीन जड चाके समजा. पहिले एंजिन, तिसरे म्हणजे सारी गाडी, उतारूंसकट, आणि मधले लहानसे चाक म्हणजे क्लचची तबकडी व तिला जोडलेला दांडा. क्लच दाबला की पहिले सुटते, गिअर काढला की तिसरेही सुटते. मधले तेवढे मोकळे फिरत राहते. भांडण सारे त्याचेच!

तिसऱ्या गिअरचे प्रमाण 1.4, दुसऱ्याचे 2 आणि पहिल्याचे 3.5 धरू. मागचा दांडा मिनिटाला 1500 फेरे घेत असला, तर मधले चाक 2100 घेते. दुसऱ्या गिअरला हवेत 3000. हे 900 फेरे वाढल्यावाचून दाते बसायचे नाहीत, जबरदस्तीने नुसता खरखराट होईल. जुने ड्रायव्हर मध्येच क्लच सोडून, एंजिन फुरफुरवून ते वाढवीत. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश आला आणि हे काम शंकूवर घासणाऱ्या कड्याकडे गेले. पुढच्या सुधारलेल्या रचनेत तर गती जुळेपर्यंत हे कडे दात्यांची वाटच अडवून धरते. मात्र घर्षणाची उष्णता फेऱ्यांतील तफावतीच्या वर्गाने वाढते. तिसऱ्यातून एकदम पहिल्यात गेलात तर तफावत 3150 फेऱ्यांची, म्हणजे साडेतीनपट. उष्णता बारा पटींहून अधिक. कडी झिजतात ती अशी.

हे झाले सपाट रस्त्याचे गणित. घाटात तिसरे चाकही स्वस्थ बसत नाही. दहा फुटांस एक फूट चढ असला, तर एंजिनापासून सुटलेली गाडी दर सेकंदाला ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर वेग गमावते. गाठायचे फेरे त्यामुळे कमी होतात, ही एका परीने मदतच. उतारावर मात्र गाडी वेग घेते, गाठायचे फेरे पुढे पळतात आणि एंजिनाचा आवर तर सुटलेलाच. ब्रेक तापून ढिले पडले असतील, तर तो न बसलेला गिअर जिवावर बेततो. म्हणून जाणता ड्रायव्हर उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो.

2014 साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीत क्लच आणि गिअर दोन्ही यंत्राच्या हवाली झाले. यंत्राला पायाची सवय नसते. त्याला समीकरणेच द्यावी लागतात. त्यांतला सर्वांत हट्टी आकडा घर्षणाचा. तेल थंड असताना तो एक, तापल्यावर दुसरा. पहाटेच्या पहिल्या गाडीचा गिअर जड का पडतो, ते यावरून ध्यानी येईल.