बंगळूरमध्ये घटस्फोट आणि मुलाचा ताबा: मोफत वकील कसा मिळेल?

वकिलाची फी परवडत नाही? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो.

कुठे जावे? सिद्धय्या रोडवरील ‘न्याय देगुल’ इमारतीत कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे. हेल्पलाइन: १५१००.

लग्न महाराष्ट्रात झाले आहे? हिंदू विवाह कायद्यानुसार पत्नी सध्या राहत असलेल्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करू शकते.

मूल कोणाकडे राहील? न्यायालय मुलाचे हित पाहते. हिंदू कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते. निकाल लागेपर्यंत तात्पुरता ताबा, भेटीच्या वेळा आणि पोटगी मागता येते.

लक्षात ठेवा: मुलाला परस्पर घेऊन जाऊ नका, आधी न्यायालयाचा आदेश घ्या.

सोबत न्या: लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड.