चिपिंग कॅम्डेन : लोकरीच्या पैशातून उभे राहिलेले गाव

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उत्तर टोकाला चिपिंग कॅम्डेन हे बाजाराचे जुने गाव आहे. किंचित वळण घेत गेलेला एक लांबलचक मुख्य रस्ता आणि दुतर्फा मधाच्या रंगाची दगडी घरे, एवढाच त्याचा पसारा. हा दगड इथल्याच भूमीतला, ज्युरासिक काळातला चुनखडक. घरे वेगवेगळ्या शतकांत बांधली गेली, तरी दगड एकच असल्याने सारा रस्ता एकजीव वाटतो.

गावाला वैभव आले ते मेंढ्यांमुळे. मध्ययुगात कॉट्सवोल्डच्या लोकरीला फ्लँडर्स आणि इटलीतून मोठी मागणी होती. त्या व्यापारात गब्बर झालेल्या विल्यम ग्रेव्हेलचे चौदाव्या शतकातले घर आजही मुख्य रस्त्यावर उभे आहे. दोन मजली उंच खिडकी ही त्याची खूण. ग्रेव्हेल 1401 मध्ये वारला. सेंट जेम्स चर्चमधल्या त्याच्या समाधीवर पितळी पत्रा आहे आणि त्यावर पतिपत्नीच्या आकृती कोरल्या आहेत. आजचे भव्य चर्चही बव्हंशी लोकरीच्याच पैशातून वाढले.

सतराव्या शतकातला दाता म्हणजे सर बॅप्टिस्ट हिक्स, लंडनचा श्रीमंत कापडव्यापारी. त्याने 1612 मध्ये बारा निराधार वृद्धांसाठी घरांची ओळ बांधली. तिथे आजही वृद्ध राहतात. 1627 मध्ये त्याने बाजारमंडप उभारला. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना ऊनपावसापासून आडोसा मिळावा, म्हणून बांधलेल्या या मंडपाला चहूबाजूंनी खुल्या कमानी आहेत. शतकांच्या वावराने त्याची फरसबंदी झिजून उंचसखल झाली आहे, आणि गावातली सर्वांत बोलकी वास्तू हीच. हिक्सचा स्वतःचा वाडा मात्र टिकला नाही. यादवी युद्धात, 1645 मध्ये, तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून राजाच्याच सैन्याने जाळला.

कच्च्या लोकरीची निर्यात ओसरली, पुढे कारखान्यांचे युगही गावाला वळसा घालून गेले. पाडून नवे बांधण्याइतका पैसा उरला नाही, म्हणून जुने शाबूत राहिले. 1902 मध्ये वास्तुविशारद सी. आर. ॲशबी पूर्व लंडनमधल्या आपल्या हस्तकला संस्थेचे कारागीर आणि त्यांची कुटुंबे घेऊन इथे आला. रेशमाच्या जुन्या गिरणीत चांदीकाम, सुतारकाम, लोहारकाम सुरू झाले. यंत्राने काढलेल्या स्वस्त मालापुढे आणि लंडनच्या बाजारापासून इतक्या दूर ही संस्था तग धरू शकली नाही. 1908 मध्ये ती गुंडाळली गेली. काही कारागीर मात्र इथेच राहिले. त्यांपैकी हार्ट घराण्याची चांदीकामाची कार्यशाळा त्याच गिरणीत पुढे चालू राहिली.

याच वर्तुळात कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी होते. शेजारच्या ब्रॉड कॅम्डेनमधले पडीक नॉर्मन चॅपेल ॲशबीने त्यांच्यासाठी राहण्याजोगे केले. मध्ययुगीन सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ 1908 मध्ये प्रसिद्ध झाला, तो इथेच छापलेला. भारतीय कलेकडे जगाला नव्याने पाहायला लावणाऱ्या या अभ्यासकाची उमेदीची काही वर्षे या खेड्यात गेली, हे भारतीय प्रवाशाने आवर्जून लक्षात ठेवावे.

गावाने आपला वारसा जाणीवपूर्वक जपला. चित्रकार एफ. एल. ग्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी 1929 मध्ये कॅम्डेन ट्रस्ट स्थापन करून जुन्या इमारतींची देखभाल सुरू केली. बाजारमंडप आता नॅशनल ट्रस्टकडे आहे.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून रेल्वेने मोर्टन-इन-मार्शला उतरून पुढे रस्त्याने गावात जाता येते. बाथपर्यंत जाणारी 102 मैलांची ‘कॉट्सवोल्ड वे’ ही पायवाट इथूनच निघते आणि सुरुवातीलाच डोव्हर्स हिल या टेकडीवर चढते.