दोन बोटांचा हिशेब

वरळी कोळीवाड्यात ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरलं, की लहान होड्या चिखला-खडकात कलंडून पडलेल्या दिसतात. समोर सागरी सेतू, पाठीमागे टॉवर. यातल्या कित्येक होड्यांच्या मागच्या फळीवर एक मशीन लटकत असतं. वर झाकणाखाली इंजिन, मधे लांब पाय, तळाशी तीन पात्यांचा पंखा. पाणी ओसरलं म्हणून पंखा दगडावर आपटू नये, यासाठी ते अख्खं पुढे वाकवून ठेवलेलं असतं.

मला या वस्तूचं नवल वाटतं, कारण ती होडीचा भागच नव्हे. लहान मशीन दोन हाती स्क्रूंवर टिकतं. आवळले की होडी यांत्रिक, सोडले की पुन्हा वल्ह्यांची. हा फरक सरकारही मोठाच मानतं: 1 जून ते 31 जुलै ही राज्यातली पावसाळी मासेमारीबंदी इंजिनवाल्या नौकांना असते, बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना नसते.

इंजिन वर, पंखा खाली, मधून दांडा आणि तळाशी गिअर लावून काटकोनात वळवलेलं फिरणं, हा आराखडा शंभरहून जास्त वर्षं टिकला आहे. मूळचा नॉर्वेचा ओले एव्हिनरूड अमेरिकेत मिलवॉकीला ही मशीन 1909 पासून विकू लागला. तेव्हा दीड हॉर्सपॉवरसाठी 28 किलोचं मशीन लागायचं. तो आज आला असता, तर हलकेपणा वगळता त्याला आपलं मशीन लगेच ओळखू आलं असतं.

पण जुन्या होडीला ते बसवायचं म्हटलं, की खरी गंमत सुरू होते. शिडा-वल्ह्यांची होडी मागे निमुळती बांधतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी आलेलं पाणी मागे गुपचूप मिटतं. मशीनला मात्र उभी, सपाट, जाड फळी हवी. मग मागचा भाग कापून तिथे फळ्या जोडायच्या, आतून आडवे-तिरपे टेकू द्यायचे, वरून फायबर चढवायचं. टेकू कशाला? पंखा पाण्याला मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते, पण तो रेटा होडीला मिळतो या एका फळीतून. शिवाय रेटा तळाशी आणि पकड वर, त्यामुळे मशीनचा पाय पहारीसारखा फळी उचकटू पाहतो. लाकूड आतून कुजलेलं असेल तर ते इथेच कळतं, आणि शहाणा माणूस मशीनला एक साखळी किंवा दोर होडीशी बांधून ठेवतो.

आता मापाचं. आखूड पायाचं मशीन 15 इंची फळीसाठी, लांब पायाचं 20 इंची. पंख्याच्या थोडी वर एक आडवी पट्टी असते. होडी पाण्यात असताना मागे वाकून हात घातला, तर ही पट्टी होडीच्या तळापेक्षा एक-दोन बोटं खाली लागली पाहिजे. सगळा हिशेब त्या दोन बोटांचा. मशीन उंच बसलं, की फिरता पंखा पृष्ठभागावरची हवा खाली ओढतो, पात्यांभोवती पाण्याऐवजी फेस होतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. लाटांवर मागची बाजू उचलली गेली की हे आणखी सहज होतं. फार खोल बसलं, तर तो पायच पाण्यात अडसर होतो. फळीची वरची कड रंधून किंवा तिच्यावर पट्टी ठोकून हे माप जमवतात.

मोठं मशीन लावलं तर होडी पळेल, हा समज सगळ्यांचाच. पाणी तसं होऊ देत नाही. जड होडी पुढे जाताना आपली लाट आपणच उठवते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. पाण्यावरची लांबी 20 फूट असलेल्या होडीची लाट साधारण 6 नॉटला, म्हणजे ताशी 11 किलोमीटरला, होडीइतकीच लांब होते. त्यापुढे मागची बाजू लाटेच्या खळग्यात बसते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर होते. होडी स्वतःच उभ्या केलेल्या चढावर अडकते. हलकी, सपाट तळाची फायबर बोट तो चढ ओलांडून पाण्यावर घसरू लागते, जड लाकडी होडी नाही. तिला दुप्पट हॉर्सपॉवर दिली तर मुख्यतः पेट्रोल जास्त जळतं. भरीला, मागे निमुळत्या होडीत तिथेच तरंगण्याची ताकद सगळ्यात कमी, आणि मशीन, ते चालवणारा माणूस, पेट्रोलची टाकी सगळे तिथेच बसलेले. म्हणून टाकी आणि बर्फाची पेटी पुढे सरकवतात.

पंख्याचंही असंच. मिनिटाला 5000 फेऱ्या मारणाऱ्या इंजिनाचा वेग गिअरनं निम्मा केला, तरी पंखा सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा फिरतो. एका फेरीला 9 इंच पुढे सरकणारा पंखा घट्ट माध्यमात ताशी 34 किलोमीटर गाठेल. जड होडी जाते 11 नं. उरलेलं सगळं पाण्यात निसटतं, आणि इंजिन चढणीवरच्या ट्रकसारखं कण्हत राहतं. अशा होडीला पाती मोठी पण कमी पिळाची हवीत.

आणि हे मशीन समुद्र पिऊन जगतं. पायाच्या आत रबरी पाकळ्यांची एक फिरकी असते. ती खालून खारं पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवते. दोरी ओढून मशीन सुरू झालं, की नजर जाते मागच्या बारीक धारेकडे. धार आली तर ठीक. मुंबईच्या पाण्यात पिशवी पाणी ओढायच्या तोंडावर बसली की धार थांबते, आणि रबर जळायच्या आत मशीन बंद करावं लागतं. घरी आल्यावर पिंपात गोडं पाणी भरून त्यात मशीन थोडा वेळ चालवायचं, नाहीतर आत मीठ साठतं. पायाला एक जस्ताचा तुकडाही लावलेला असतो. खाऱ्या पाण्याला झिजवायला काहीतरी लागतंच, तर आधी जस्त झिजू दे, पाय वाचू दे. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या तांब्यानं मढवलेल्या जहाजांसाठी ही युक्ती सुचवली होती.

सुकाणू आता नाही. मशीनचा हातात धरायचा दांडा डावीकडे ओढला की नाळ उजवीकडे वळते, कारण रेट्याचीच दिशा बदलते. इंजिन बंद पडलं, की मात्र रेटाही गेला आणि वळणही जवळजवळ गेलं. होडी प्रवाहाच्या आणि लाटेच्या हवाली. कोस्टल रोड सागरी सेतूला जोडताना कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी दोन खांबांत 60 मीटर अंतर ठरलं, तेव्हा वरळीचे कोळी का अडून बसले, ते इथे समजतं. चालू इंजिनाच्या होडीला 60 मीटर म्हणजे मैदान. पंख्यात जाळं गुंतून आडवी वाहत चाललेल्या होडीला नाही. पुढे एक खांब वगळून ती वाट 120 मीटरची केली गेली.