चिमूटभर मोडांची करामत

आमच्या धाकट्या नातीने नवव्या महिन्यात पेजेशी उभे वैर धरले. घट्ट पेज तोंडातच घोळवायची. पातळ केली तर पोट भरे, पण अंगी काही लागेना. डॉक्टर म्हणाले, "रोग नाही, आहार वाढवा." म्हणजे कसा? वजनकाटा दोन महिने जागचा हलला नाही, तेव्हा घरातले बोलणेच कमी झाले.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या पेठकडच्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, नागलीला मोड नाही का आणीत तुमच्यात?"

जन्मभर नाशकात वनस्पतिशास्त्र शिकवलेला मी ओशाळलो! भिजलेल्या दाण्यात काय घडते ते मी फळ्यावर शेकडो वेळा काढले होते. अंकुर जागा होतो आणि सालीखालच्या पेशींना जिबरेलिन नावाचा निरोप धाडतो. (१९२६ साली तैवानात कुरोसावांना भाताच्या रोगात ज्याचा माग लागला, तेच हे द्रव्य, आमच्या द्राक्षबागाइतदारांना 'जीए' म्हणून तोंडपाठ!) जवाच्या दाण्यावर हे सारे बारकाईने तपासले गेले आहे. एरवी पेशीच्या रसात कॅल्शियम अगदी नावाला असते. निरोप येताच ते वाढते, आणि ही वाढ हीच पेशीला हाक. मग अमायलेज पाझरते व पिठूळ साठ्याची साखर करू लागते. त्या अमायलेजच्या घडणीतही कॅल्शियम बसलेले असते. ते काढले तर त्याचा टिकाव लागत नाही.

ही हाक डोळ्यांना दिसलीही आहे. १९९१ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या रोपांत जेलीफिशचे प्रथिन घातले. रोपाला स्पर्श केला की कॅल्शियम उसळे आणि रोप मंद उजळे.

असो. दोन दिवसांत नागलीला पांढरे मोड फुटले. सौभाग्यवतींनी ते वाळवून खमंग, चांगले तांबूस भाजले, आणि पेज होती तशीच घट्ट! फार उष्णतेने अमायलेज मरते, हे मी सांगायला विसरलो होतो. दुसऱ्या खेपेला नुसते वाळवून दळले, शिजलेली घट्ट पेज जराशी निवल्यावर त्यात चिमूटभर पीठ ढवळले, आणि पाहता पाहता ती चमच्यावरून ओघळू लागली. मग पुन्हा एक उकळी दिली. पाणी न वाढवता पातळ. म्हणजे तेवढ्याच वाटीत दाणा जास्त! १९८०च्या दशकात बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी तान्ह्यांच्या आहारासाठी हाच मार्ग अभ्यासला होता.

नातीने पहिला चमचा गिळला, आणि दुसऱ्यासाठी आ वासला. सौभाग्यवती माझ्याकडे न बघता मावशींना म्हणाल्या, "उद्या आणखी किलोभर नागली आणा."