नगररचना आणि पूर्ववत् अनुमान

न्यायशास्त्र शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याला अनुमानाचे प्रकार समजावितांना आमचे शास्त्रीबुवा पावसाचा व नदीचा दृष्टांत देत. आकाशांत मेघ दाटलेले पाहून पाऊस पडणार असें जाणणें हें पूर्ववत् अनुमान. आणि नदी गढूळ पाण्यानें दुथडी भरून आलेली पाहून वरतीं कोठेंतरी पाऊस झाला असें जाणणें हें शेषवत्. पहिल्यांत कारणावरून कार्य ओळखावयाचें, दुसऱ्यांत कार्यावरून कारण. बालपणीं पाठ केलेला हा भेद सन २०१९ च्या ऑगस्टांत, शाहूपुरींत गुडघाभर पाण्यांत उभे असतां, आम्हांस एकाएकीं आठवला. आमच्या नगरांचा सारा कारभार शेषवत् चालतो. पाणी घरांत आलें म्हणजे कळतें कीं, मागें कोठेंतरी चुकलें होतें.

शाहूपुरी ही आपोआप वाढलेली वस्ती नव्हे. सन १८९५ मध्यें शाहू महाराजांनीं व्यापाराकरितां ही पेठ वसविली आणि गुळाच्या उलाढालीनें ती नांवारूपास आली. जवळून जयंती नाला वाहतो व पुढें पंचगंगेस मिळतो. नदी चढली म्हणजे नाल्याचें पाणी तींत शिरूं शकत नाहीं. तें मागें फिरतें आणि वाट मिळेल तेथें पसरतें. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी. सन २०१९ मध्यें आणि पुन्हा सन २०२१ च्या जुलैंत पाणी ५५ फुटांच्याही पलीकडे गेलें. दोन्ही वेळां कुंभार गल्ली बुडाली. गणेशचतुर्थी कांहीं आठवड्यांवर आलेली, घरोघर मूर्ति रंगाच्या वाटेवर. ज्या वर नेतां आल्या नाहींत त्या जागच्या जागीं विरून गेल्या. कुंभाराचें वर्षाचें उत्पन्न तें एवढेंच.

आतां आमच्या घरची एक गोष्ट सांगतों. घरामागें एक सखल जागा होती. पावसाळ्यांत तेथें चार-सहा दिवस पाणी सांचे, बेडूक ओरडत, मग तें जिरून जाई. एके वर्षीं तेथें मुरुमाचा भराव पडला आणि इमारत उभी राहिली. पलीकडच्या गल्लींतही तसेंच झालें. पुढल्या मोठ्या पुरांत आमच्या माजघरांत पाणी शिरलें व वडिलांनीं जमविलेल्या ग्रंथांच्या दोन पेट्यांचा लगदा झाला. तक्रार घेऊन आम्ही एका कचेरींत गेलों. तेथील गृहस्थ सभ्य होते. त्यांनीं आम्हांस बसवून घेतलें, सर्व कागद पुढें ठेवले आणि म्हणाले, “गुरुजी, यांतली कोणती परवानगी चुकीची, तें आपणच सांगा.” आम्हांस सांगतां आलें नाहीं. एकही चुकीची नव्हती.

ह्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. आपल्या देशांत पर्यावरण संरक्षण कायदा सन १९८६ मध्यें झाला. त्याखालीं सन १९९४ व सन २००६ च्या अधिसूचनांनीं मोठमोठ्या प्रकल्पांच्या परिणामांची आधीं चौकशी करण्याची रीत बसविली. परंतु चौकशी होते ती एकेका प्रकल्पाची. इमारतीपुरतें बोलावयाचें तर बांधकाम वीस हजार चौरस मीटर किंवा अधिक असेल तरच साधारणपणें ही परवानगी घ्यावी लागते. आमच्या घरामागची इमारत त्या मापाच्या आसपासही नव्हती. अशा शंभर इमारती झाल्या तरी शंभरांच्या बेरजेचा हिशेब कोणाच्याच टेबलावर येत नाहीं. शिवाय प्रकल्पाची चौकशी होते त्या वेळीं जागा ठरलेली असते, पैसा उभा राहिलेला असतो. तेव्हां ‘येथें करावें कीं नाहीं’ हा प्रश्न मागें पडून ‘केल्यावर झाडें किती लावावीं’ एवढाच उरतो.

ह्यावर युरोपांत काढलेला उपाय म्हणजे स्ट्रॅटेजिक एन्व्हायर्न्मेंटल असेसमेंट. आम्ही त्यास धोरणाचें पर्यावरण-परीक्षण म्हणूं. इमारत, रस्ता, कारखाना यांच्याही आधीं जो आराखडा किंवा जें सरकारी धोरण ठरतें, त्याचीच परीक्षा घ्यावयाची. वाढ कोणत्या दिशेनें व्हावी, दुसरे पर्याय कोणते, कांहींच न केल्यास काय होईल, आणि लहानसान कामांची बेरीज वीस वर्षांनीं कोठें पोहोंचेल, हें लेखी मांडावयाचें, लोकांस दाखवावयाचें, व मगच शिक्का मारावयाचा. युरोपीय संघानें सन २००१ मध्यें असा निर्देश काढून सन २००४ पासून तो आपल्या सभासद देशांस बंधनकारक केला. आपल्याकडे आराखड्यांना असें बंधन नाहीं.

हॉलंडचें उदाहरण पुराच्या संबंधांत विशेष बोधप्रद आहे. सन १९९५ च्या महापुरांत तेथें सुमारें अडीच लाख माणसें घरें सोडून हलवावीं लागलीं. शतकानुशतकें बांध उंच करीत आलेल्या त्या राष्ट्रानें पुढें तीस-बत्तीस ठिकाणीं नदीलाच जागा परत देण्याची योजना आंखली. पर्याय समोरासमोर मांडले, परिणाम तपासले, मग कामें धरलीं. नायमेगन शहराजवळ तर बांध सुमारें साडेतीनशे मीटर मागें घेतला. त्यासाठीं कित्येकांचीं घरें गेलीं हेंही सांगितलें पाहिजे. तेथील लोकांनीं तें हंसत सोसलें असें कोणी समजूं नये.

आणि हें सर्वस्वीं परकें आहे असेंही नाहीं. सन १९०२ च्या सुमारास शाहू महाराजांनीं पाटबंधाऱ्याचें धोरण आंखलें तेव्हां आधीं संस्थानांतील तलाव व विहिरी यांची पाहणी करविली. भोगावतीवरील राधानगरीचें धरण हें त्यानंतरचें.

आज पुणें-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पुरानें बंद पडतो आणि भरावामुळें पाणी अडतें अशी आसपासच्या गांवांची जुनी तक्रार आहे. रस्ता एका खात्याचा, बंधारा दुसऱ्याचा, बांधकामाची परवानगी तिसऱ्याची. पूररेषांत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. त्या पाटबंधारे खातें आंखतें. शहराभोंवतालच्या बेचाळीस गांवांसाठीं सन २०१७ मध्यें स्वतंत्र प्राधिकरण निघालें. ह्या सर्वांस एका कागदावर बसविणारें परीक्षण कोणीं करावयाचें?

विरोधकांचें म्हणणें असतें कीं, यानें कामें खोळंबतील. तें थोडें खरेंच आहे. परंतु दोन महापुरांत जें खोळंबलें त्याचा हिशेबही धरावा. आम्हांस अधिक विचार करावयास लावते ती वेगळी हरकत. नदीकांठीं ज्याची दोन गुंठे जमीन हीच सारी पुंजी, त्याच्या शेतावरून निळी रेषा गेली तर त्याच्या मुलीचें लग्न कशावर व्हावें? पश्चिम घाटासंबंधीं माधव गाडगीळ समितीचा सन २०११ चा अहवाल ग्रामसभांना विचारून पुढें जा असें सांगत असतांही गांवोगांवीं भीति पसरली, ती याच जातीची. मोबदल्याचा प्रश्न परीक्षणांतच सोडविला नाहीं, तर रेषा कागदावर राहील व भराव जमिनीवर पडेल.

नगररचनेच्या सन १९६६ च्या कायद्याप्रमाणें प्रारूप आराखडा लोकांसमोर ठेवून हरकती मागवाव्या लागतात. हें एक दार उघडें आहे. मागें आम्ही व कुंभार गल्लींतील एक वृद्ध कारागीर असे दोघे नकाशा पाहावयास गेलों. त्यावर पूररेषा कोठें आहे असें विचारतां ती दुसऱ्या कचेरीच्या नकाशावर आहे असें कळलें. तेथें पोहोंचलों तों जेवणाची सुटी झालेली. दुसऱ्या दिवशीं पुन्हा गेलों, आणि शाळेंत भूगोलाचे नकाशे काढीत असूं त्याच रीतीनें दोन्ही पातळ कागदावर उतरवून एकावर एक ठेवले. ते कागद आमच्या घरीं आहेत. त्यांवरून आमच्या गल्लीची हरकत आम्हीं लिहून दिली. इतर गल्ल्यांतील कोणास तशी लिहावयाची असल्यास त्यानें सायंकाळीं पांचानंतर यावें.